रेरेसान

मी बी. कॉम. आहे. हे मी अभिमानानं सांगत नाही, खुलासा म्हणून सांगतोय. कॉमर्सच्या माणसाला भाषा येत नाहीत असा आमच्या घराण्यात एक जुना समज आहे आणि तो पक्का करण्यात माझा वाटा मोठा आहे. शाळेत संस्कृतचा 'देव' चालवताना मी षष्ठीपर्यंत कसाबसा यायचो. तिथं देव मला एकट्याला सोडून पुढं निघून जायचा. हिंदी माझी रिक्षावाल्यापुरती. इंग्रजी 'विथ रेफरन्स टू युवर लेटर'पासून सुरू होते आणि 'युवर्स फेथफुली'ला संपते. मधला मजकूर साहेब सांगतात. असा मी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या तिसरी 'ब'च्या वर्गात, गुडघे कानांना लागतील अशा बाकावर बसून जपानी शिकू लागलो, हे माझ्या संस्कृतच्या मास्तरांना कळलं असतं तर त्यांनी पत्र लिहून जपान सरकारला सावध केलं असतं.

याला कारण एक फॉर्म.

आमच्या घरात फॉर्म मी भरतो. बाकीचं कर्तेपण बायको बघते. फॉर्म तेवढे माझ्याकडे. रेशनकार्ड, गॅस, आईचा हयातीचा दाखला, सोनलच्या शाळेपासून कॉलेजपर्यंतचे सगळे अर्ज, इतकंच काय, खालच्या मजल्यावरचे आपटेकाकासुद्धा फॉर्म आला की तो घडी न उलगडता वर पाठवून देतात. लोकांच्या घरी कर्त्या पुरुषाला पहिली गरम पोळी मिळते, मला फॉर्म मिळतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. माणसाची कुठंतरी गरज असावी लागते.

२०२३च्या ऑगस्टमध्ये आमच्या सोनलला नागोयाच्या एका कंपनीचं नेमणूकपत्र आलं. पोरगी अकरावीपासून दर रविवारी जपानी शिकत होती. मला वाटायचं, हौस आहे, पूर्वी मुली भरतकाम शिकायच्या तशी. पत्रासोबत फॉर्म होता. मी सवयीनं चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं आणि कागद सुलटा आहे की उलटा इथंच अडलो. "बाबा, दे इकडे," म्हणून सोनलनं तो ओढून घेतला आणि मान खाली घालून पाच मिनिटांत भरून टाकला. स्वतःचं नाव, पत्ता, घरच्या माणसाचं नाव. घरचा माणूस म्हणजे मीच. पण माझं नाव तिनं कुठल्या रकान्यात लिहिलं तेही मला समजलं नाही. मी टोपण लावलं.

त्यानंतरच्या महिन्यात मी रविवारी सकाळी पर्वती चढायला जाणार असल्याचं घरात जाहीर केलं.

वर्गात मी धरून चौदाजण होते. सात-आठ संगणकवाली पोरं, नातू ओसाकात असलेल्या एक आजी, सातारा बाजूचा एक इंजिनिअर आणि कार्टून मूळ भाषेत कळावीत म्हणून जपानी शिकणारा दहा वर्षांचा ओजस. शिकवणाऱ्या बाईंना सेन्सेई म्हणायचं असतं. सेन्सेई अठ्ठावीसच्या आतबाहेरच्या. पहिल्या दिवशी त्यांनी 'यांना कुठंतरी पाहिलंय' असा चेहरा केला. मीही तसाच केला, पण मला आधी आठवलं. त्यांचं खातं आमच्याच शाखेत होतं आणि दोनच महिन्यांपूर्वी त्यांचा घरभाड्याचा चेक मी 'सही जुळत नाही' म्हणून परत पाठवला होता.

हे माझं बँकेतलं मुख्य काम. चेकवरची सही आणि आमच्याकडची नमुना सही ताडून पाहायची. तेवीस वर्षं मी हेच करतोय. पूर्वी कार्डांचे गठ्ठे असायचे, आता पडद्यावर दोन्ही सह्या शेजारी शेजारी उमटतात, एवढाच फरक. सख्ख्या भावानं केलेली सही मी ओळखलेली आहे. एका गृहस्थांनी उजवा हात प्लॅस्टरमध्ये असताना डाव्या हातानं केलेली सहीही मी ओळखली होती, म्हणजे परत पाठवली होती. दोन आकृत्यांत फरक शोधणं हा ज्याचा पोटापाण्याचा धंदा, त्याला चार अक्षरं ओळखणं काय जड, असं मला वाटत होतं. त्या चार अक्षरांकडे येतोच.

आधी हजेरी. जपानीत 'ल' नाही. ज्या भाषेत 'ल' नाही तिथं लेल्यांनी जायचंच कशाला, हा प्रश्न मला पुढं आमच्या हेडकॅशियरनं विचारला, पण तेव्हा फी भरून झाली होती. 'ल'च्या जागी 'र' म्हणतात, आणि नावापुढं आदरानं 'सान' लावतात. सेन्सेईंनी हजेरीपत्रकावर बोट ठेवलं आणि पुकारलं, "रेरेसान." मागून ओजस म्हणाला, "अरेरेसान." आणि मी त्या दिवसापासून वर्गात तोच झालो. हजेरीला उत्तर म्हणून 'हाय' म्हणायचं. 'हाय' म्हणजे 'हो'. संगणकवाली पोरं ते इंग्रजी 'हाय'सारखं म्हणायची आणि बाई त्यांना परत म्हणायला लावायच्या. साताऱ्याच्या इंजिनिअरनं मात्र पहिल्याच दिवशी असा काही खणखणीत 'हाय' ठोकला, की सेन्सेई म्हणाल्या, उच्चार असा हवा. तो म्हणाला, "आमच्यात असंच म्हणत्यात."

जपानी लिहायला एक लिपी पुरत नाही. तीन लागतात. पैकी हिरागाना ही पहिली. ती आपल्या मोडीची मावसबहीण. वळणावळणाची, हात न उचलता पळणारी. ती मी दिवाळीपर्यंत उरकली. तिसरी ती कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं. तिच्याकडे मी अजून लांबूनच बघत होतो. मधली कटाकाना. सरळ, टोकदार, काड्यापेटीतल्या काड्या मांडल्यासारखी. मूळ अक्षरं ४६. मला वाटलं, ही आपली. बँकेतल्या माणसाला रेघोट्यांची भीती नसते.

देवनागरीतलं अक्षर कसं भरल्या घरातलं असतं. डोक्यावर छप्पर, बाजूला खांब, कुणाच्या हातात मात्रा, कुणाच्या पायाशी उकार. कटाकानातलं अक्षर म्हणजे नुकतीच जागा ताब्यात मिळालेलं जोडपं. दोन काड्या आणि निर्वाह. 'नो' म्हणजे एक तिरकी रेघ. बस्स. चेक क्रॉस करताना आपण दोन तिरक्या रेघा मारतो, त्यातली एक. 'नि' म्हणजे दोन आडव्या रेघा. 'मि' म्हणजे तीन. 'रो' म्हणजे नुसता चौकोन. आमच्या फॉर्मवर 'येथे फोटो चिकटवा' म्हणून असतो तो. 'हे' म्हणजे कौलारू घराचा उतार. एका रविवारात मी वीस अक्षरं पाठ केली आणि पर्वतीवरून आल्यासारखा घाम पुसत घरी गेलो.

ही काटकसर त्यांच्या अंगात आली कुठून, तेही सेन्सेईंनी सांगितलं. जपानी लोकांनी लिहिणं चिन्यांकडून घेतलं. नवव्या शतकाच्या सुमाराला तिथल्या देवळांतले बौद्ध भिक्षू चिनी पोथ्या वाचायचे. पोथीतल्या अवघड शब्दाचा उच्चार बाजूला टिपून ठेवायचा, तर दोन ओळींत जागा ती किती? म्हणून ते अख्खं चिनी अक्षर न लिहिता त्याचा एखादा तुकडाच लिहायचे. कुणाचा डावा खांब, कुणाचं डोकं. 'काता' म्हणजे अर्धवट, तुकडा. कटाकाना म्हणजे तुकड्यांची लिपी. मला हे ऐकून एकदम घरच्यासारखं वाटलं. लेजरच्या समासात बाराशे वर्षांपूर्वी कुणीतरी आद्याक्षरं मारून गेलं होतं, आणि पुढं त्या आद्याक्षरांचंच राष्ट्राच्या कामकाजात रूपांतर झालं होतं. कारकुनांनी याहून मोठं काही केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि त्याच दिवशी मी वर्गात पहिला आलो. आयुष्यात प्रथमच, त्यामुळे सविस्तर सांगतो. सेन्सेईंनी फळ्यावर अक्षरांचा क्रम मांडला. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आणि विचारलं, "या क्रमात काही ओळखीचं दिसतं का?" संगणकवाले गप्प. ओजस इंग्रजी माध्यमातला. त्याला क ख ग घ विचारलं तर तो 'ङ'ला थांबतो, आणि त्याचा दोष नाही, 'ङ'ला सगळेच थांबतात. मी हात वर केला. "बाई, हे आपलंच आहे," मी म्हणालो. क, च, ट, त, प आणि मग य, र, व. 'च'च्या घरात 'सा' राहतो आहे आणि 'प'च्या घरात 'हा', एवढंच. सेन्सेई म्हणाल्या, अगदी बरोबर, आणि 'हा'चा उच्चार फार पूर्वी 'पा' असाच होता. मग त्यांनी कूकाई नावाच्या भिक्षूची गोष्ट सांगितली. तो ८०४ साली चीनला गेला, तिथं प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडे संस्कृत शिकला आणि ८०६ साली परत येताना आपली सिद्धम् लिपीतली पुस्तकं घेऊन आला. सिद्धम् लिपीला तिकडे 'शित्तान' म्हणतात, आणि तिकडच्या देवळांत ती अक्षरं अजूनही लिहिली जातात. तिचा अभ्यास करणाऱ्या भिक्षूंमुळंच जपानी अक्षरांना हा क्रम मिळाला. आपल्याकडे पूर्वी पंतोजी पोराच्या हाताला धरून 'ॐ नमः सिद्धम्' गिरवून घ्यायचे, त्याचाच पुढं 'ओनामा' झाला. म्हणजे ज्याचा ओनामा मी तिसरी 'ब'मध्ये करत होतो, तो मुळात आमच्याच गल्लीतून निघाला होता. ओजसनं त्या दिवशी मला स्वतःहून खोडरबर दिला.

आता ती चार अक्षरं.

'शी', 'त्सु', 'सो' आणि 'न्'. यांना जपानी लोकांनी वेगवेगळी अक्षरं मानलंय, ही त्यांची श्रद्धा. 'शी' म्हणजे डाव्या बाजूला एकाखाली एक दोन बारीक रेघोट्या आणि खालून उजवीकडे वर गेलेला एक फटकारा. 'त्सु' म्हणजे वरच्या बाजूला एकाशेजारी एक दोन बारीक रेघोट्या आणि वरून डावीकडे खाली आलेला एक फटकारा. वाचताना फरक केवढा वाटतो! प्रत्यक्ष कागदावर दोन्हीकडे दोन टिकल्या आणि एक झाडू. 'न्' हा 'शी'चा धाकटा भाऊ, त्याला रेघोटी एकच. 'सो' ही 'त्सु'ची धाकटी बहीण, तिलाही एकच. चौघं एकाच साच्यातून काढलेली, मुंजीच्या ग्रुपफोटोत बसवलेली.

"रेरेसान, ही 'शी' लिहा."

मी लिहिली.

"ही 'त्सु' झाली."

मी पुन्हा लिहिली. बाईंनी मान तिरकी करून पाहिली, वही उलटी करून पाहिली, आणि अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "जुळत नाही." त्या शब्दाची निवड सहज नव्हती. घरभाड्याच्या चेकचे त्यांना दीडशे रुपये दंड पडला होता.

मी हट्टाला पेटलो. बँकेत जेवणाच्या सुट्टीत जुन्या, रद्द झालेल्या पैसे भरायच्या स्लिपांच्या पाठी घ्यायचो आणि 'शी' गिरवत बसायचो. हेडकॅशियर एकदा डबा घेऊन मागं उभा राहिला. "लेले, काय लिहिताय?" "शी," मी म्हणालो. तो डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला.

घरी भांडं फुटलं ते पँटच्या खिशातून. बायकोनं धुवायला टाकताना त्यातून पंधरा-वीस स्लिपा काढल्या. "अहो, पर्वती चढून येता आणि मधल्या बोटाला शाई लागते, हे मी दोन महिने बघतेय," ती म्हणाली, "पण हे कसलं रेशन आणता तिथून?" सोनल शेजारीच होती. तिनं स्लिपा हातात घेतल्या, एकेक उलटून पाहिली. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण ती काहीच बोलली नाही. टेबलावरचं लाल पेन घेऊन खोलीत गेली. रात्री मी पाणी प्यायला उठलो तेव्हा स्लिपा फ्रीजवर चुंबकाखाली लावलेल्या होत्या. चुकलेल्या प्रत्येक 'शी'वर लाल गोल, आणि शेवटच्या स्लिपेवर गुण: ४० पैकी १९. खाली तीन ओळी सुबक अक्षरात. मी दिवा लावून उभ्या उभ्या वाचू लागलो. 'रेरे' ओळखता आलं. मग आणखी दोन नावं. सोनल जपानीत 'सोनारु' होते. म्हणजे लेल्यांच्या घरात पोरगी सोनार निघाली. तिसरं नाव बायकोचं. तिचं नाव मालती. आमच्या सासऱ्यांनी आपल्या आईचं ठेवलं. 'ल'चा 'र' करून, पुढं आडनाव लावून मी ते मोठ्यानं वाचलं: "मारती रेरे."

आतून आवाज आला, "काय म्हणालात?"

चौघांचा निकाल लागला तो शेवटी आमच्याच धंद्याच्या जोरावर. एका रविवारी सेन्सेईंनी ती चार अक्षरं ब्रशनं मोठी काढून आणली. मी पाहिलं आणि ताडकन उभा राहिलो, म्हणजे बाकासकट. सही खरी की खोटी हे तिच्या आकारावरून ओळखायचं नसतं; आकार कुणीही काढतो. पेन टेकलं कुठं आणि उचललं कुठं, ते बघायचं. टेकतं तिथं शाई जाड, उचलतं तिथं बारीक. 'शी'चा फटकारा खाली जाड होता आणि वर बारीक होत गेला होता. 'त्सु'चा वर जाड, खाली बारीक. एक वर जाणारा, एक खाली येणारा. जमा आणि नावे! त्यानंतर माझी 'शी' कधी चुकली नाही. सेन्सेईंनी वहीवर लाल गोलाऐवजी फुलाचं चित्र काढलं, आणि मी वर्ग सुटल्यावर त्यांना, बँकेत येऊन नमुना सही नवीन देऊन जा, म्हणजे पुन्हा तसं होणार नाही, असं सांगून टाकलं.

कटाकाना शिकायची ती मुख्यतः परक्या शब्दांसाठी. आपण परदेशी शब्द घेतो आणि त्याचं हापिस, ठेसन, इष्टॉप करून टाकतो, लिपी तीच. जपान्यांनी हापिस-ठेसनासाठी अख्खी लिपी राखून ठेवलीय. पाहुणा कितीही जुना झाला तरी त्याचं ताट वेगळं. 'तेबुरु' म्हणजे टेबल, 'होतेरु' म्हणजे हॉटेल. स्टेपलरला ते 'होच्चिकिसु' म्हणतात, हॉचकिस नावाच्या छापावरून. साध्या कॉलरच्या शर्टाला 'वाइशात्सु', मूळ शब्द 'व्हाइट शर्ट'. पण शर्ट निळा असला तरी तो वाइशात्सुच. संपाला 'सुतोराइकि' आणि बेसबॉलमध्ये चेंडू हुकला की 'सुतोराइकु', एका इंग्रजी शब्दाचे दोन भाऊ, एक युनियनमध्ये गेला, एक मैदानावर. साहेब लोक आम्हांला ठेवींचं जे टार्गेट देतात त्याला तिकडे 'नोरुमा' म्हणतात, शब्द रशियन. टार्गेट या गोष्टीला स्वतःच्या भाषेत शब्द नसणारा समाज सुखी असला पाहिजे असं मला वाटलं होतं, पण सोनल म्हणाली, तसं काही नाही.

पावाला 'पान' म्हणतात. बेकरीत जाऊन पान मागायचं. हसू नका, आपला पाव आणि त्यांचं पान सख्खी भावंडं आहेत, दोघांचा बाप पोर्तुगीज. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि १५४३ साली ते जपानच्या तानेगाशिमा बेटाला लागले. जाताना दोन्हीकडे पाव ठेवून गेले, तंबाखूही ठेवून गेले. तिकडे तिला 'ताबाको' म्हणतात. आपल्याला त्यांनी 'पगार' हा शब्दही दिला. जपान्यांना तो दिला नाही. या पगाराकडे मला यायचंय, पण त्याआधी एक रेघ.

कटाकानात उच्चार लांबवायचा असला की अक्षरापुढं एक आडवी रेघ मारतात. 'बिरु' म्हणजे इमारत. मधे रेघ घातली की 'बीरु', म्हणजे बिअर. एका रेघेनं माणूस कचेरीऐवजी गुत्त्यात पोचतो. आमच्याकडेही रकमेपुढं रेघ मारतात, पण ती कुणी पुढं काही वाढवू नये म्हणून. इथं रेघ स्वतःच वाढवते. मी हे वहीत लिहून घेतलं आणि खाली दोनदा अधोरेखित केलं.

एक गोष्ट मात्र मला लागली. जपानीत सहीला 'साइन' म्हणतात आणि ते कटाकानात लिहितात. म्हणजे सही पाहुणी! त्यांचा घरचा माणूस म्हणजे शिक्का, 'हान्को'. बँकेत खातं काढायचं तर परंपरेनं नावाचा छोटा शिक्का नोंदवायचा आणि पुढं तोच उमटवायचा. जिथं सह्याच नाहीत तिथं माझ्यासारख्यानं करायचं काय? सोनल म्हणाली, "तिथेही शिक्के ताडून पाहणारा कुणीतरी असतोच, बाबा." तेव्हा कुठं जेवण गेलं.

तिकडचं आर्थिक वर्षही आपल्यासारखंच एक एप्रिलला सुरू होतं, आणि नवी माणसं त्याच दिवशी कामावर घेतात. हे ऐकून मला आधी आपुलकी वाटली होती. नंतर हिशेब लक्षात आला. एक एप्रिलला हजर व्हायचं म्हणजे निघायचं मार्चअखेरीला. त्या वर्षी, २०२४ साली, एकतीस मार्चला रविवार असूनही सरकारी व्यवहार करणाऱ्या बँका उघड्या होत्या, म्हणजे गर्दी कसली असेल बघा. सोनल २६ मार्चला निघाली, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. माझ्या कानामागं रंग तसाच होता. मुंबईला विमानतळावर बायको आणि मेहुणा गेले. मला साहेबांनी दीड तास दिला. मी फाटकापर्यंत बॅग उचलली. बॅगेला तिनं नावाचं लेबल लावलं होतं, एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला कटाकाना. ते नीट चिकटलंय का हे मी तीनदा दाबून पाहिलं. गाडी वळली तसा मी रिक्षा करून शाखेत आलो आणि रात्री साडेनऊपर्यंत नोंदी केल्या. एकही चुकली नाही.

२५ एप्रिलला तिचा पहिला पगार. रात्री साडेआठला फोन. तिकडे तेव्हा बारा वाजलेले असतात. पडद्यावर पोरीचा चेहरा उतरलेला. पगार जमाच झाला नव्हता. बरोबरच्या सगळ्यांचा झाला, हिचा नाही. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, आमच्याकडून गेला. बँक म्हणाली, आमच्याकडे नाही. महिनाअखेरीला घरभाडं द्यायचं, जवळचे पैसे भांडी-गादीत संपलेले, आणि सोमवारी २९ तारखेपासून तिकडे सुट्ट्यांचा आठवडा. "तू काळजी करू नकोस, मी बघते," असं म्हणत ती चक्क रडत होती. बायको म्हणाली, "पैसे पाठवा." मी म्हणालो, "थांब. सोनल, कंपनीला दिलेला खात्याचा कागद आणि पासबुकाचं पहिलं पान, दोन्हींचे फोटो पाठव."

"बाबा, ते जपानीत आहे."

"पाठव तू."

फोटो आले. जपानी बँकांत खातेदाराचं नाव कटाकानात नोंदवतात आणि एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे जाताना नाव जुळावं लागतं. मी दोन्ही नावं पडद्यावर शेजारी शेजारी घेतली. गेली तेवीस वर्षं घेतो तशी. पासबुकावर 'रेरे सोनारु'. कंपनीच्या कागदावर 'रेरे सोनारु'. 'सो' दोन्हीकडे 'सो'च होता, 'न्' नव्हता. फटकारा वरून खाली आलेला, शंका नको. ज्याला भाषा येते तो अक्षरं वाचत नाही, ओळखीच्या माणसाकडे बघून मान डोलावतो तसा शब्द बघून पुढं जातो. मला भाषा येत नाही. मी बोट ठेवून अक्षरं मोजली. पासबुकावर पाच. कागदावर सहा.

"सोनल, 'सो'च्या पुढं ती रेघ कसली?"

पलीकडे शांतता.

"कंपनीवाल्यांनी तुला 'सोऽनारु' केलंय. बँकेत तू नुसती सोनारु आहेस. उच्चार लांबलाय, म्हणून पगार लांबलाय."

ती बराच वेळ फोनवर दोन फोटो पुढंमागं करताना दिसत होती. मग डोळे पुसत म्हणाली, "बाबा, मला दिसलं कसं नाही रे हे?" मी काही बोललो नाही. मला दिसलं होतं, त्यात माझं पोट भरलं होतं. "जुळत नाही असं सांग त्यांना," मी म्हणालो, "आणि उद्या सकाळी फॉर्म नवीन भर. भरला की मला दाखव."

तिनं शुक्रवारी सकाळी भरला आणि आधी मला दाखवला. मी बँकेत, गिऱ्हाईक समोर उभं असताना तो पाहिला आणि पास केला. पैसे मंगळवारी ३० तारखेला आले.

त्या पुढच्या रविवारी मी वर्गाला गेलो. आता चोरून जायचं कारण नव्हतं, तरी पर्वतीच्या बाजूनं गेलो. हजेरी झाली. "रेरेसान." "हाय!" साताऱ्याच्या इंजिनिअरनं मागं वळून पाहिलं, त्याच्या तोलाचा निघाला असावा. सेन्सेईंनी कटाकानाची वही मिटायला सांगितली आणि तिसऱ्या लिपीच्या अक्षरांची यादी वाटली. रोजच्या वापरातली म्हणून तिथल्या सरकारनं २०१० साली ठरवून दिलेली २,१३६. ओजस म्हणाला, "अरेरेसान, तुम्ही रिटायर होईपर्यंत होतील."

घरी आलो तर बायकोनं चहा पुढं ठेवला आणि विचारलं, "आज काय झालं?"

"आजपासून कांजी," मी म्हणालो.

तिनं चहा उचलून परत आत नेला. "मग सांगायचं नाही का? सकाळपासून पोट बिघडलंय आणि भजी खाऊन गेलात!"